कॅनडात कायद्याची प्राध्यापकी: रोजचं आयुष्य नेमकं कसं असतं?

सत्तरीकार:

नमस्कार मंडळी. मी पणजीत कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे, पाच वर्षांवाला कोर्स. घर वाळपईच्या पुढे. घरात वकील कोणी नाही, पण वकिलांच्या पायऱ्या आम्ही भरपूर झिजवल्यात. आजोबांच्या नावचं भाट, म्हणजे बागायत, अजून वाटून झालेलं नाही. त्यामुळे बाबांचा हिशेब सरळ आहे: पोरगी वकील झाली की फी वाचेल.

मला कोर्टाची ओढ नाही. अवशिष्ट अधिकार, म्हणजे कुठल्याच यादीत न आलेले विषय, केंद्राकडे ठेवायची कल्पना आपण कॅनडाच्या १८६७ च्या कायद्यावरून घेतली, हे परीक्षेपुरतं पाठ होतं. गेल्या सत्रात तो मूळ कायदाच वाचायला घेतला आणि त्यात अशी अडकले की बाकीचे पेपर मागे राहिले. आता डोक्यात आहे ते असं: कॅनडात एलएलएम, पुढे डॉक्टरेट, जमलं तर तिथेच शिकवायचं.

विद्यापीठांच्या वेबसाइटवर प्राध्यापकांचे फोटो पाहते. सगळे हसरे, मागे पुस्तकांचं कपाट. पण दिवसभर ही माणसं करतात काय? कोर्टात जातात का? पगारात भागतं का? कोणी आतलं माणूस असेल तर सांगा. एजंट लोकांनी कृपया उत्तर देऊ नये.

मडगावचा काळा कोट:

बाय, आधी सनद घे आणि दोन-तीन वर्षं कोणाच्या तरी हाताखाली इन्व्हेंटरीची, म्हणजे मयताची मिळकत वारसांत वाटून द्यायची, कामं कर. लिसिटेशन पाहिलेलं नसेल तर वारसाहक्क काय शिकवणार तू? कोर्टात वारस एकमेकांसमोर बसतात आणि बापाच्या घरावर बोली लावतात. ज्याला ते घर नकोच आहे तोही भावाला जड जावं म्हणून आकडा चढवतो. हे कुठल्या पुस्तकात नाही. थंडीत जाऊन काय वाचायचं ते नंतर वाच.

डिचोली ते ओटावा:

सत्तरीकार, मी डिचोलीची. ओंटारियोतल्या एका विद्यापीठात मिळकतीचा आणि वारसाहक्काचा कायदा शिकवते. हसरा फोटो माझाही आहे. मागचं कपाट ग्रंथालयाचं.

कोर्टाचं आधी. मी जात नाही. शिकवायला तिथली सनद लागत नाही, माझ्याकडे ती नाहीच. वकिली करायची तर परदेशी पदव्या तपासणारी एक राष्ट्रीय समिती आहे, ती सांगेल तेवढ्या परीक्षा द्यायच्या आणि मग त्या त्या प्रांताच्या बारचे सोपस्कार. दोन वाटा अगदी वेगळ्या आहेत. एजंट मुद्दाम त्यांची सरमिसळ करतात.

कामाचे तीन भाग: शिकवणं, संशोधन आणि समित्या. बऱ्याच ठिकाणी कागदावर चाळीस-चाळीस-वीस अशी वाटणी असते. समित्यांबद्दल काही लिहीत नाही, समित्या सगळीकडे सारख्याच. वर्गातले तास आपल्या कॉलेजांच्या मानाने थोडे. माझ्या आईची ठाम समजूत आहे की मी अर्धवेळ नोकरी करते. पण पेपर आपणच काढायचा आणि आपणच तपासायचा, बाहेरचा परीक्षक नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता क्रमांक. 'अमुक कलम स्पष्ट करा' असा प्रश्नही बहुधा नसतो. एक लांबलचक भानगड रचून द्यायची, घटस्फोट, गहाण, हरवलेलं मृत्युपत्र असं सगळं एकाच घरात, आणि विद्यार्थ्यांनी पुस्तकं उघडी ठेवून सल्ला लिहायचा. डिसेंबर या तपासणीतच जातो. विद्यार्थी बहुतेक आधी एक पदवी घेऊन आलेले असतात, इंजिनियर, नर्स, एखादा शाळामास्तर. नर्स जेव्हा मृत्युपत्राच्या साक्षीदारांबद्दल विचारते तेव्हा उत्तर सांभाळून द्यावं लागतं, तिने मरणारी माणसं माझ्यापेक्षा जास्त पाहिलेली असतात.

मे ते ऑगस्ट वर्ग बहुधा नसतात. ती सुट्टी समजू नकोस, तो लिहिण्याचा हंगाम आहे. नोकरी लागल्यावर साधारण पाच-सहा वर्षं कसोटीची. मग तुझं लेखन बाहेरच्या अभ्यासकांकडे जातं. त्यांचा अभिप्राय चांगला आला तर कायम, नाही तर निरोप. 'मला शिकवायला आवडतं' एवढ्या भांडवलावर ही नोकरी लागत नाही आणि लागली तरी टिकत नाही. बंद खोलीत एकाच परिच्छेदाशी आठवडाभर झटापट करायला आवडतं का, हे स्वतःला विचार. कायम झाल्यावर मात्र कोणी हलवत नाही. ओंटारियोत सक्तीची निवृत्ती २००६ च्या अखेरीला संपली, त्यामुळे आमच्या मजल्यावर सत्तरीपलीकडचे लोक रोज डबा घेऊन येतात.

पगार लपवण्यासारखा नाही, आणि लपवताही येत नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत वर्षाला एक लाख डॉलरवर मिळवणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि आकडा ओंटारियो सरकार १९९६ च्या कायद्यानुसार दरवर्षी जाहीर करतं. माझा आकडा माझ्या नणंदेने मला फोनवर वाचून दाखवला होता.

आता ज्यासाठी मी हे सगळं सोसते ते. ओटावात पूल ओलांडला की गातिनो, म्हणजे क्वेबेक प्रांत. या काठाला इंग्रजी वळणाचा, निकालांतून घडलेला कॉमन लॉ, त्या काठाला कलमवार लिहिलेली संहिता. १७७४ च्या कायद्याने इंग्रजांनी तिथला फ्रेंच खासगी कायदा पुन्हा मान्य केला. पुढे १८६६ ची संहिता आली आणि १ जानेवारी १९९४ पासून आजची. आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज संहिता १८७० पासून लागू झाली, मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने चालू राहिली आणि वारसा व इन्व्हेंटरीपुरती तिची जागा गोव्याच्या २०१२ च्या कायद्याने घेतली, तोही लागू झाला डिसेंबर २०१६ मध्ये. बाकी भारतातल्या विद्यार्थ्याला क्वेबेक परकं वाटतं. गोव्याच्या पोरीला नाही वाटणार.

दरवर्षी पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर एक घर काढते. कौलारू, पुढे तुळस. मालक वारला. मागे बायको आणि तीन मुलं: लिस्बन, स्विंडन, टोरांटो. मृत्युपत्रात सगळं टोरांटोवाल्याला. गोव्याच्या कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर अर्धं बायकोचं आधीपासूनच आहे, त्यावर नवऱ्याची लेखणी चालत नाही. उरलेल्यातलं अर्धं मुलांसाठी राखीव. म्हणजे त्याच्या मर्जीला उरला एकूण मिळकतीचा पाव भाग. क्वेबेकमध्ये राहतं घर, सामान, गाड्या, पेन्शन यांची किंमत १९८९ च्या कायद्याप्रमाणे नवरा-बायकोत वाटली जाते, आणि तो हक्क आधीच सोडून देतो म्हणून लिहून दिलं तरी चालत नाही. मुलांना मात्र राखीव वाटा नाही. बापाने आपलं सगळं मांजरांच्या दवाखान्याला दिलं तर ती फार तर पोटगी मागतील.

वर्ग लगेच गोव्याच्या बाजूने होतो. मग मी विचारते, छपराची कौलं बदलायची आहेत, सह्या कोणाकोणाच्या? इथे वर्ग गप्प होतो. बांदोड्यापासून लोटलीपर्यंत कुलपं लागलेली घरं पाहा, प्रत्येकाला वारस भरपूर आहेत. मला स्वतःला आपला कायदाच बरा वाटतो, कारण नवऱ्याला बायकोच्या सहीशिवाय घर विकता येत नाही, ही गोष्ट माझ्या आत्याच्या बाबतीत किती उपयोगी पडली ते मी पाहिलं आहे. पण तो फुकटात मिळत नाही. त्याची किंमत ही कुलपं.

दुसरा नाद गांवकारीचा, म्हणजे गावची जमीन सामाईक धरणाऱ्या गोव्यातल्या जुन्या संस्थेचा. २०१४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटिश कोलंबियातल्या त्सिल्कोतिन लोकांचा सुमारे १,७५० चौरस किलोमीटर भूमीवरचा सामूहिक हक्क जाहीर केला, असं पहिल्यांदाच झालं. गोव्याच्या जवळजवळ निम्मी जागा! त्सिल्कोतिनांची ती भूमी पुढच्या पिढ्यांचीही आहे म्हणून बाहेर विकता येत नाही. हा निकाल वाचताना मला आपल्या गांवकाऱ्या आठवल्या. तो हक्क वेगळा, आपला वेगळा, दोन्ही एकच म्हणणारे लेख मी तपासायला आले की परत पाठवते. पण प्रश्न तोच आहे, गावाची जमीन गावाने कशी धरून ठेवायची. पोर्तुगिजांनी १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, गांवकारीचे रिवाज लिहून घेतले, आणि गांवकाऱ्यांची शेवटची संहिता आली एप्रिल १९६१ मध्ये, मुक्तीच्या आठच महिने आधी. झोण, म्हणजे गांवकारीच्या उत्पन्नातला वाटा, मात्र रिवाजाने पुरुष गांवकारांना. जो कायदा बायकोला अर्धं घर देतो त्याच्याच शेजारी हे बसलेलं आहे. आजोळच्या गांवकारीचा झोण माझा मामेभाऊ घेतो, मी त्यावर लेख लिहिते. पैसे त्यालाच मिळतात, लेखाला काही मिळत नाही.

छंद म्हणशील तर हिवाळ्यात रिडो कालव्यावर स्केटिंग. जवळजवळ आठ किलोमीटर बर्फाची वाट असते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्फ नीट धरलाच नाही आणि वाट उघडलीच नाही, तेव्हा सगळं शहर सुतकात होतं. शुक्रवारी आम्ही तीन-चार गोंयकार घरं भजनाला बसतो, पेटी माझ्याकडे. आणि पलीकडच्या काठावर पोर्तुगीज वस्ती आहे, तिथे बांगडे मिळतात. माझी पोर्तुगीज गेल्या शतकाच्या आधीच्या दस्तऐवजांतून शिकलेली. तिथला दुकानदार म्हणतो, तुम्ही मासे मागता की माझ्यावर दावा लावता?

सत्तरीकार:

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. दोन शंका. एलएलएम कसलं घ्यावं? आणि पोर्तुगीज येत नसेल तर गोव्यावर संशोधन होईल का? आमच्या भाटाचे जुने कागद मी उघडून बघते, पण नाव सोडून काही लागत नाही.

नोटारीतला म्हातारा:

बाय, मी नोंदणी खात्यातून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली. कागद लागत नाहीत ते भाषेमुळे कमी आणि अक्षरामुळे जास्त. त्या काळचे कारकून शब्द तोडून लिहायचे, अर्धा शब्द लिहून वर एक बारीक अक्षर टाकायचं, संपलं. त्याची सवय कागद बघूनच होते.

आधी एवढं ओळखायला शीक: मात्रीज म्हणजे महसुलाची नोंद, त्यावरून कर कोण भरत होता ते कळतं. डिस्क्रिप्शन म्हणजे मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा. इन्स्क्रिप्शन म्हणजे ती कोणाच्या नावावर चढली. आजचा एक-चौदाचा, म्हणजे जमीन सर्व्हेचा, उतारा या तिन्हींपेक्षा वेगळा आहे. सर्व्हेत ज्याचं नाव तोच मालक असं समजून लोक भांडतात आणि वकिलांची घरं होतात. (काळा कोटवाले, राग मानू नका.) चतुःसीमा वाचताना शेजाऱ्यांची नावं आधी शोध, सर्व्हे नंबर बदलतो, पण शेजारची घराणी बहुधा तीच असतात.

पोर्तुगीज शिकायला लांब जायला नको. गोवा विद्यापीठात एम. ए. पर्यंत सोय आहे, पणजीत वर्गही चालतात. आणि सत्तरी-डिचोलीचे जुने कागद नुसते पोर्तुगीज नाहीत, मोडीतही मिळतील. मोडी तुला लवकर येईल, भाषा मराठीच आहे.

डिचोली ते ओटावा:

नोटारीतल्या आजोबांनी सांगितलं ते सोनं आहे, सत्तरीकार, कुठेतरी उतरवून ठेव. मी पावसाळ्यात पणजीच्या पुराभिलेख खात्यात बसते तेव्हा माझ्या अर्ध्या अडचणी अक्षराच्याच असतात.

एलएलएम प्रबंधाचं घे. नुसत्या तासांचं एलएलएम वकिलांसाठी ठीक आहे, तुला पुढे डॉक्टरेट करायची तर कोणीतरी तुझं मोठं लेखन वाचलेलं असायला हवं, शिफारसपत्र त्यावरच उभं राहतं. अर्ज करण्याआधी मार्गदर्शक शोध आणि त्यांचे दोन-तीन लेख वाचूनच पत्र लिही. 'मला आपल्या प्रतिष्ठित विद्यापीठात' अशी सुरुवात असलेली पत्रं मी पहिल्या ओळीनंतर वाचत नाही, फार येतात. विषय एका वाक्यात सांग. 'गोव्याचा समान नागरी कायदा' हा विषय नव्हे, ती घोषणा आहे. सर्वोच्च न्यायालयाचा १३ सप्टेंबर २०१९ चा होझे पावलो कुतिन्यो खटल्यातला निकाल वाच. गोंयकाराची मुंबईतली मिळकत असली तरी वारसा गोव्याच्या कायद्याने, असं त्यात ठरलं. मग विचार कर, हाच गोंयकार मुंबईऐवजी टोरांटोत फ्लॅट घेऊन मेला तर? यावर मी आनंदाने पत्र वाचेन.

आणि खर्च मिळणार असेल तरच ये. कर्ज काढून कोणी प्राध्यापक व्हायला येऊ नये, जागा फार थोड्या निघतात.

काळा कोट यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी स्वतः लिसिटेशन पहिल्यांदा पाहिलं ते डॉक्टरेट झाल्यावर, आणि प्रबंधाचं एक प्रकरण नव्याने लिहावंसं वाटलं.

मडगावचा काळा कोट:

म्हाताऱ्यांचा राग नाही. घर अजून भाड्याचं आहे.

सत्तरीकार, पुढच्या आठवड्यात माझ्याकडे एक इन्व्हेंटरी आहे, काबेसा द कझाल, म्हणजे वाटणी होईपर्यंत मिळकत सांभाळणारी, थोरली सून, वारस सोळा, त्यातले पाच परदेशात, त्यांच्या वतीने मुखत्यार येतील. बोलीवर येईल असं वाटतंय. मागे बसून बघता येईल. साडेनऊला ये, दहाला नको, जागा मिळत नाही. आणि भाटाचे ते कागदही घेऊन ये, फी घेणार नाही.