अनुभव धागा : बिनफोनची सहावी ते आठवी

एप्रिलमध्ये नवं सत्र लागलं तेव्हा लेकाच्या शाळेने सहावी ते आठवीच्या पालकांना बोलावून सांगितलं, यंदापासून दप्तरात फोन नको आणि होमवर्कही व्हॉट्सअ‍ॅपवर येणार नाही, मुलं डायरीत लिहून आणतील. पहिल्या वाक्याला टाळ्या पडल्या, दुसऱ्याला कुणी हललं नाही. फोनबंदी तशी जुनीच. सीबीएसईने 2009 मध्येच परिपत्रक काढलं होतं. पण करोनात शाळाच फोनवर भरली आणि सगळं विस्कटलं.

माझंच आधी लिहिते. पहिल्या आठवड्यात डायरीत ‘मॅथ्स, एक्सरसाइज 2.1’ होतं. तो 1 आहे की 7, हे लिहिणाऱ्यालाच वाचता येईना. शेवटी आयांच्या ग्रुपवर विचारलं. रात्री नऊपर्यंत त्रेसष्ट मेसेज! इंदूरकरांनो, तुमच्याकडे काय झालं? मतं राहू द्या, घडलं ते लिहा.

सुदामानगर, सहावीची आई
जुलैतल्या पावसात व्हॅन पलासियाजवळ बंद पडली. व्हॅनवाले भैया मेकॅनिक शोधायला गेले. एका दुकानदाराने चिरंजीवांना स्वतःचा फोन दिला, तर यांना माझा नंबर येईना, बाबांचाही नाही. पाठ फक्त स्वतःचा, आणि तो फोन घरी ड्रॉवरमध्ये! बिचारा त्यावरच लावत बसला. आजी म्हणाल्या, अनोळखी नंबर आहे, कशाला उचला. चौथ्यांदा वाजल्यावर उचलला. त्या रात्री जेवणाआधी दोन्ही नंबर दहा-दहा वेळा म्हणून घेतले, पाढ्यांसारखे.

मिडिलला गणित शिकवते, 27 वर्षं
वरच्या ताई, 2.1 च असणार. फळ्यावरचं उतरवून घ्यायची सवयच मोडलीय, पाच ओळींना दहा मिनिटं लागतात आणि तेवढा माझा पीरियड जातो. जमा करायला मुलं घरातला जुना, बंद पडलेला फोन आणतात, चालू असलेला मोज्यात. दप्तरं तपासायची ड्यूटी मला मनापासून आवडत नाही, पोरांच्या डब्यातलं, वह्यांतलं सगळं उघडं पडतं. हां, मधल्या सुट्टीत सितोलिया, म्हणजे लगोरीचा खेळ, परत आलाय. फुटलेल्या फरशीचे तुकडे रचतात. गुडघे फुटतात, डेटॉल मीच लावते.

अन्नपूर्णा रोड
आमची मुलगी सातवीत, टाइप 1 डायबिटीस. दंडावरचा सेन्सर साखरेचा आकडा ब्लूटूथने फोनला पाठवतो. फोन ऑफिसच्या कपाटात ठेवला तर तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात काही उपयोग नाही, वीसेक फुटांच्या पलीकडे तो गप्प. ‘नियम सगळ्यांना सारखा’ हे दोनदा ऐकून घेतलं. मग डॉक्टरांची चिठ्ठी, अर्ज, प्राचार्यांची सही. आता फोन वर्गशिक्षिकेच्या टेबलावर आणि लेक पहिल्या बाकावर. खेळाच्या तासाला तो पीटीच्या सरांच्या खिशात जातो. एकदा सर विसरले आणि नेमकी त्याच दिवशी साखर उतरली. मैत्रिणीने ग्लुकोज पाजलं. तेव्हापासून अलार्म माझ्याही फोनवर घेतलाय, पण तिचा फोन जवळ नसेल तर तोही वाजत नाही.

मूळची रामबागची, आता मेलबर्न
इथे व्हिक्टोरियात 2020 पासून सरकारी शाळांत पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन बंद आणि कुलपात. निरोप असेल तर शाळेच्या ऑफिसात फोन करायचा. अन्नपूर्णा रोडच्या ताई, तब्येतीच्या कारणाने लेखी सूट इथेही मिळते. मुद्दाम सांगतेय, पुढच्या मीटिंगला उपयोगी पडेल.

लोकमान्यनगर, आजोबा
नातू अडीचला येतो. पूर्वी स्वतःचा फोन घेऊन कोपऱ्यात बसायचा. आता सूनबाईंनी तो कुलपात ठेवल्यामुळे हात धुवायच्या आधी माझा मागतो. दोन-चार डाव खेळू देतो, नाही कसं म्हणणार? परवा लाइटबिल भरायला बसलो तर बॅटरी चार टक्के आणि ओटीपी यायच्या आधी फोन बंद. सूनबाईंना अजून सांगितलेलं नाही.