तंतू घातले म्हणजे छापलेली भिंत सर्व दिशांनी मजबूत झाली काय?

भेगा_तपासनीस (लातूर)

काल येथे एका सदस्याने ठणकावून लिहिले की, थ्रीडी प्रिंटिंगच्या, म्हणजे यंत्राच्या नोझलमधून थरावर थर टाकून भिंत उभारण्याच्या, काँक्रीटमध्ये फायबर (बारीक तंतू) मिसळले की सळई, सेंटरिंग आणि गवंडी या तिन्हींची गरज संपते, क्यूबची (चाचणीसाठी भरलेल्या ठोकळ्याची) ताकद ओतीव काँक्रीटपेक्षा अधिक भरते आणि म्हणून मराठवाड्यातील घरकुले यापुढे यंत्रानेच छापावीत. त्याखाली ‘वा, वा’ म्हणणाऱ्यांची रांग पाहून गप्प बसवले नाही.

क्यूब कोणती, एवढेच आधी सांगा. मिश्रण साच्यात भरून आणि व्हायब्रेटरवर ठेवून केलेली क्यूब ही मिश्रणाची परीक्षा आहे, भिंतीची नव्हे. नोझलमधून मिश्रण रेटले जाते तेव्हा कडेच्या घर्षणामुळे तंतू प्रवाहाच्या दिशेने लागत जातात. नोझल जितके अरुंद आणि तंतू जितका लांब, तितके ते अधिक एका दिशेला वळतात. त्यामुळे छपाईच्या रेषेत लांबी ठेवून कापलेली तुळई वाकवून तोडली, तर भेगेच्या दोन्ही काठांना तंतू धरून ठेवतात आणि आकडा ओतीव नमुन्याहून सरसही येऊ शकतो. मात्र ताण थरावरून थर सोलून काढणारा असेल, तर तंतूंचा काही उपयोग नाही, कारण खालच्या थरातला तंतू वरच्या थरात जातच नाही. तेथे असते ती केवळ दोन थरांमधली पकड, आणि ती पकड केवळ मिश्रणावर ठरत नाही. दोन थरांत किती वेळ गेला, नोझल किती उंचीवर होते आणि खालचा पृष्ठभाग किती सुकला होता, यांवरही ठरते.

दोन्ही प्रकारचे तुटलेले तुकडे मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत. पहिल्याच्या तोंडावर ओढून निघालेले बारीक पांढरे तंतू बोटाला टोचत होते. दुसरा तुकडा दोन थरांच्या सांध्यावर इतका स्वच्छ सुटला होता की त्यावर एकही तंतू दिसेना, आणि बोट फिरवल्यावर नुसती भुकटी लागली.

वाळूज_प्रीकास्ट

तपासनीस साहेब, आपण दोष खरा सांगितलात, परंतु तो असा मांडलात की जणू कोणाला तो ठाऊकच नव्हता. बंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमधील १,०२१ चौरस फुटांचे टपाल कार्यालय दीड महिन्याच्या आत छापून झाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचे उद्घाटनही झाले. आयआयटी मद्रासच्या आवारात २०२१ मध्ये ६०० चौरस फुटांचे छापील घर उभे राहिले. या कामांमागचे अभियंते थरांमधली पकड विसरले होते, असे आपणांस म्हणायचे आहे काय? नोझल खाली ठेवून थर किंचित दाबता येतो आणि यंत्राचा मार्ग असा आखता येतो की वरचा थर वेळेत पडावा. मुळात भिंतीवर भार येतो तो दाबाचा, आणि दाब तर थरांना एकमेकांवर घट्टच बसवतो. आपण नेमकी तीच दिशा निवडलीत जिच्यात भिंत सहसा तुटत नाही.

जालना_सळई

‘सहसा’ हा शब्द लातूर जिल्ह्यात बसून वाचावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ज्या जाड दगडी भिंती कोसळल्या, त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या पदरांना एकत्र बांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. वरून माळवदाचे ओझे होते आणि जोडायला मातीचा गारा. उभा भार त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पेलला होता. आडवा धक्का आला आणि पदर सुटले. थरांना जोडणारे काहीच नसलेली छापील भिंत मला त्याच वळणाची वाटते. मी सळईचा व्यापारी आहे, त्यामुळे माझा स्वार्थ आपण काढालच, तो खुशाल काढा. पण फायबर ही सळईची जागा घेणारी वस्तू नव्हे, हे दुकान बंद करूनही मी सांगेन. गिऱ्हाईक हल्ली पिशवीभर फायबर दाखवून मला विचारते की सळई किती कमी करू!

वाळूज_प्रीकास्ट

किल्लारीच्या मातीच्या गाऱ्याची तुलना सिमेंटशी करणे हा अभियांत्रिकीचा मुद्दा नाही, भावनेचा आहे. शिवाय तेथे पदर भिंतीच्या जाडीत उभे होते, येथे थर आडवे आहेत. छापील भिंतीची पोकळी सोडून तीत उभी सळई आणि काँक्रीट भरतातच. सळई नकोच असे मी कोठे म्हटले? ते कालच्या पोस्टकर्त्याने म्हटले. त्याचे पाप माझ्या माथी मारू नका.

मांजराकाठ

सर्वांनी नोझलवर एवढी शाई खर्च केली, पण पाण्याचा विषय कोणीच काढला नाही. ओतीव काँक्रीटला निदान शटरिंगची आड असते. छापलेला थर पहिल्या मिनिटापासून दोन्ही अंगांनी उघडा. त्यात सिमेंट अधिक, मोठी खडी नाही, पाणी कमी. परभणीच्या मे महिन्यातल्या उन्हात आणि वाऱ्यात त्याचा पृष्ठभाग वरचा थर येण्याआधीच कोरडा पडतो, मग तो थर वरच्या थरातले पाणी शोषतो आणि पकड तेथेच मरते. थंड प्रयोगशाळेत चालून गेलेले थरांमधले वेळेचे अंतर येथे चालेल असे कोण म्हणतो? आयएस ४५६ हे काँक्रीटचे भारतीय मानक उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस ओलावा राखायला सांगते. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे भिंतींना १० दिवस पाणी कोण मारणार? माझ्या स्वतःच्या घराच्या स्लॅबवर कंत्राटदाराने वाफे बांधले, फोटो काढला आणि दुसऱ्याच दिवशी टँकर बंद केला. तो स्लॅब आजही गळतो.

कंत्राटी_आप्पा (बीड)

आला का कंत्राटदार! भिंत सुकली तरी कंत्राटदार, पाऊस पडला नाही तरी कंत्राटदार. टँकरचा दर निविदेत धरलेला नसतो, तो वाढवून मागितला की अधिकारी तोंड फिरवतात, आणि घरमालक म्हणतो की पाणी तर फुकट असते. क्युरिंग कंपाउंड, म्हणजे ओलावा उडू न देणारे रसायन, फवारा म्हणावे, तर त्याचेही पैसे कोणी देत नाही. मांजराकाठ, आपण कधी उन्हाळ्यात साइटवर दिवसभर उभे राहिला आहात काय?

मांजराकाठ

उभा राहिलो आहे, आणि आपल्यासारख्यांचे काम तपासायलाच राहिलो आहे. क्युरिंग कंपाउंडचे म्हणाल, तर ज्या पृष्ठभागावर पुढचा थर चिकटायचा आहे तेथे ते फवारणे म्हणजे पकडीचा गळा आपल्या हाताने दाबणे होय. छपाई पूर्ण झाल्यावर बाहेरून फवारा, त्याला कोणाची ना नाही. दरम्यान काय करणार, ते सांगा.

कंत्राटी_आप्पा (बीड)

दरम्यान रात्री छापणार. आणखी काय करणार? दिवसा छापणारा स्वतःच्या हाताने स्वतःचे नुकसान करून घेतो, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पण रात्री माणूस जादा मजुरी मागतो, तीही निविदेत नसते.

भेगा_तपासनीस (लातूर)

आप्पा, रात्रीच्या छपाईचा मुद्दा बिनतोड आहे. आपल्याकडून तो यावा याचे मला आश्चर्य वाटले, पण आला तो बरे झाले. तरीही फायबरचा मुख्य त्रास उरतोच. तंतूंचे प्रमाण वाढवले की मिश्रण ताठ होते, पंपावर ताण येतो, हवा अडकते आणि थरांच्या कडेला लांबट पोकळ्या राहतात, कारण येथे व्हायब्रेटर लावता येत नाही. एका कामावर तंतूंची गुठळी नोझलमध्ये अडकली, यंत्र थांबले, मुकादमाने ती काढली आणि पुन्हा चालू करताना मिश्रण सैल व्हावे म्हणून हॉपरमध्ये पाणी ओतले. खालचा थर तोवर कोरडा झालेला, वरचा थर पातळ. पुढे भेग पडली ती बरोबर त्याच पट्ट्यात, सरळ रेषेत. क्यूबच्या अहवालात मात्र सारे उत्तम होते, कारण क्यूब सकाळी भरल्या होत्या.

वाळूज_प्रीकास्ट

म्हणजे दोष पाणी ओतणाऱ्याचा आणि बदनामी तंत्राची! ओतीव काँक्रीटमध्ये मिक्सरला पाणी मारणारे मुकादम काय कमी आहेत? असो. सांध्यातून कापलेल्या नमुन्यांवर अहवाल द्यावा, ही आपली मागणी मी मान्य करतो. मान्य न करून माझी सुटका नाही, असे दिसते.

भेगा_तपासनीस (लातूर)

मान्यता एवढी कष्टाने देत असाल, तर नीट द्या. नमुने छापलेल्या भिंतीतूनच कापावेत, छपाईच्या रेषेत आणि थरांचे सांधे छेदणारे असे दोन्ही. त्यांतले काही यंत्र थांबले होते त्याच ठिकाणचे असावेत. थरांमधला वेळ आणि त्या वेळची हवा अहवालात लिहावी. नुसता ‘फायबर घातले’ एवढा शेरा मी यापुढे वाचणार नाही.

कंत्राटी_आप्पा (बीड)

नमुने कापायला आमची हरकत नाही. कापलेल्या भिंतीचे भोक बुजवण्याचा आणि टँकरचा खर्च कोणाच्या नावावर पडणार, तेवढे आधी लेखी द्या.