मोठ्या सरोवरातला पीसीबी: प्रारूपात पातळी फार लवकर का उतरते?

प्रश्न: मिशिगन सरोवरासाठी पाणी आणि गाळ असे दोन कप्पे घेऊन पीसीबीचं (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, टिकाऊ विषारी रसायनांचा गट) वस्तुमान-संतुलन, म्हणजे किती आलं, किती गेलं, किती उरलं याचा हिशेब, मांडलंय. आवक बंद केली की पाण्यातली पीसीबीची पातळी काही वर्षांतच अगदी खाली येते. मोजमापांत उतार बराच संथ आहे. काय चुकतंय?

उत्तर १: गाळाचा सक्रिय थर (पाण्याशी देवाणघेवाण करणारा वरचा थर) किती जाड धरलाय? गाळ वर्षाला ०.१ सेंमी पुरला जात असेल, तर निव्वळ पुरण्याचा कालस्थिरांक (जाडी भागिले पुरण्याचा वेग) २ सेंमी थरासाठी २० वर्षं, १० सेंमीसाठी १००. जाडी अंदाजाने नको, अणुचाचण्यांतून गाळात आलेल्या किरणोत्सारी सीझियम-१३७ चा खोलीनुसार आलेख पाहून ठरवा. आणि वादळात उसळणारा गाळ घातलाय ना? तो शून्य ठेवला तर गाळ नुसता गिळत राहतो, परत देत नाही. बहुतेक वेळा गोम इथेच असते.

उत्तर २: हवेतली पीसीबीची संहती (प्रमाण) शून्य धरली तरी असंच होतं. देवाणघेवाण दोन्ही दिशांनी घ्या, हेन्री स्थिरांक (पदार्थ हवा आणि पाण्यात कसा वाटला जातो ते सांगणारा) तापमानानुसार बदला.

उत्तर ३: पाण्यातून हवेत उडून जातो तो विरघळलेला भागच, कणांना चिकटलेला नाही. विभाजन गुणांक (कणांवरच्या आणि पाण्यात विरघळलेल्या प्रमाणाचं गुणोत्तर) २ लाख लिटर/किलो, निलंबित कण १ मिग्रॅ/लिटर असतील तर दोघांचा गुणाकार ०.२ आणि विरघळलेला भाग १/(१+०.२), म्हणजे ८३%. सगळे पीसीबी एकच संयुग समजू नका. जास्त क्लोरीनवाले गाळात कितीतरी घट्ट धरले जातात.