‘३०६० म्हणजे पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्यांसाठी

रेंडरवाला_पुणे: एनव्हिडियाच्या ३०६० आणि ४०६० या ग्राफिक्स कार्डांबद्दल काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, ‘२०२१चं ३०६० आज घेणं म्हणजे पैसे पाण्यात, सरळ ४०६० घ्या.’ राहवलं नाही.

मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर इंटिरियरची कामं करतो, म्हणजे खोल्यांची चित्रं संगणकाकडून बनवून घेतो (रेंडर). हॉल, पडदे, सोफ्याचं कापड, खिडकीबाहेरची झाडं एवढं उघडलं की दहा जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरतो. ४०६० मध्ये ८ जीबी, ३०६० मध्ये १२. सीनच मावत नसेल तर नवी पिढी घेऊन काय चाटायची? शिवाय बी४५० हे जुने मदरबोर्ड अजून कितीतरी जणांकडे आहेत. तिथे पीसीआयई ३.०, म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यामधल्या रस्त्याची जुनी, संथ आवृत्ती, आणि ४०६० त्यातल्या वापरतं आठच लेन. व्हीरॅम उतू गेला की सगळी वाहतूक त्याच बोळातून.

ठाणेकर_गेमर: काल लिहिणारा मीच. तुम्ही रेंडरवाले आपलं दुखणं गावाला लावता. साध्या १०८०पी (फुल एचडी) स्क्रीनवर खेळणाऱ्या पोराला १२ जीबी कशाला? ३०६० चे १७० वॅट कुठे, ४०६० चे ११५ कुठे! एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशन (गेममधल्या अधल्यामधल्या फ्रेम कार्डानेच बनवणं) ३०६० वर नाहीच. आणि जुनं ३०६० म्हणजे क्रिप्टो चलनाच्या मायनिंगमध्ये पिळून काढलेलं.

रेंडरवाला_पुणे: ५५ वॅटचा फरक, रोज चार तास फुल लोड धरा. वर्षाला ८० युनिट. फ्रेम जनरेशनलाही व्हीरॅम लागतोच. आणि मायनिंगचं म्हणाल तर ३०६० चा इथेरियम या क्रिप्टो चलनाच्या मायनिंगचा वेग कंपनीनेच अर्ध्यावर आणून ठेवला होता.

सोलापूर_रिपेअर: दादा, अर्धंच सांगताय. मार्च २०२१ मध्ये एनव्हिडियाच्याच ४७०.०५ बीटा ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती) ते कुलूप उघडलं. माझ्या टेबलावर मायनिंगची भरपूर कार्डं येऊन गेलीत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं, तेव्हा तर रांग लागली होती. चिप बहुधा ठणठणीत असते, कारण ती अंडरव्होल्ट करून, म्हणजे कमी व्होल्टेजवर, एकाच तापमानाला चालवलेली. जातात ते फॅन आणि मेमरीवरचे उष्णता ओढून घेणारे थर्मल पॅड. मला जास्त धास्ती हीट गनने भाजून ‘जिवंत’ केलेल्या कार्डाची. ते महिनाभर चालतं, मग पडतं.

ठाणेकर_गेमर: तेच माझ्या गळ्यात मारलं! धाकट्या भावासाठी १५,००० मोजले, तिसऱ्या आठवड्यात स्क्रीनवर चौकटी. विकणाऱ्याचा फोन बंद, मूळ बिल नाही. भाऊ दोन दिवस जेवला नाही. तुमची ८० युनिटं ठेवा तुमच्याकडे.

रेंडरवाला_पुणे: हे आधी सांगायचंत. वाईट झालं. पण त्यात दोष विकणाऱ्याचा, मॉडेलचा नाही.

नाशिककर_आई: मुलगी आर्किटेक्चरला आहे. तुमच्या भांडणात मी काय घ्यायचं ते कुणीच सांगेना.

सोलापूर_रिपेअर: ताई, तिला रेंडर करायचेत, १२ जीबीच घ्या. स्क्रू खरवडलेले नाहीत ना, बघा. बिलावरचा सीरियल नंबर कार्डाशी जुळवा. समोर अर्धा तास फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण ताण टाकणारं चाचणीचं सॉफ्टवेअर, चालवायला लावा. विकणारा नाही म्हणाला तर उठून या.

ठाणेकर_गेमर: बिल असेल, वॉरंटी शिल्लक असेल आणि काम रेंडरचं असेल, तर घ्या ३०६०. एवढंच मान्य. खेळायला मी आजही ४०६०च सांगेन.

रेंडरवाला_पुणे: बिल नसलेलं मीही घेत नाही. पण ‘पैसे पाण्यात’ हे वाक्य तेवढं मागे घ्या.

ठाणेकर_गेमर: भावाचे १५,००० परत आले की घेतो.