खूप पळालेली, टाकून दिलेली गाडी पुन्हा उभी करताना: तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

अंगणात, गल्लीच्या टोकाला, गोठ्यामागे वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाड्या आपण सगळेच बघतो. टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर, बॉनेटखाली मांजरीची पिल्लं. कुणीतरी ती गाडी एकेकाळी हप्ते फेडून घेतलेली असते. अशी गाडी भंगारात न देता पुन्हा रस्त्यावर आणली असेल, किंवा काम चालू असेल, तर इथे लिहा.

रॅलीत मिरवणाऱ्या व्हिंटेज गाड्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला हवेत साध्या गाड्यांचे अनुभव: ८००, झेन, फियाट, सुमो, क्वालिस. किती पळाली होती, खोलल्यावर काय निघालं, सुटे भाग कुठून आणले, कागदपत्रांचं काय केलंत. फोटो नसले तरी चालेल, पण काम नीट उलगडून सांगा, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. सुरुवात माझ्यापासून करतो.

मारुती ८००, १९९६, पुणे

सासऱ्यांची गाडी. कार्ब्युरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. दीड लाखाच्या आसपास पळाली आणि मग बरीच वर्षं शेडमध्ये पडून होती. अशा गाडीला नवी बॅटरी लावून लगेच सेल्फ मारायचा मोह सगळ्यांना होतो. आमच्या मिस्त्रीकाकांनी हात धरला. आधी तिन्ही प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असतील आणि वरून सेल्फचा झटका बसला तर रिंग तुटते, बोअरवर ओरखडे येतात. हाताने फिरलं, कुठे अडकलं नाही, तेव्हा पुढे सरकलो.

पेट्रोलची टाकी खाली उतरवली. आतल्या पेट्रोलला वार्निशचा वास येत होता आणि तळाशी गंजाचा गाळ. टाकी धुतली, रबरी पाइप सगळे नवे टाकले, कार्ब्युरेटर खोलून जेट साफ केले. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं आणि मग ॲव्हरेज कधीच जागेवर येत नाही. क्लीनर मारून कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करायचं.

खरं दुखणं हेडमध्ये निघालं. वर्षानुवर्षं कुलंटऐवजी नळाचं पाणी भरलेलं. ॲल्युमिनियमच्या हेडमधल्या पाण्याच्या वाटा खाऊन गेल्या होत्या. हेडवर सरळ लोखंडी पट्टी आडवी, मग तिरकी धरून खालून फिलर गेजची पात सरकवून बघितली. मधल्या सिलिंडरपाशी पात आरामात जात होती, म्हणजे हेड वाकलेलं. लेथवाल्याकडे फेस करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, नवं गॅस्केट घातलं आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळले. काकांचं म्हणणं मला पूर्ण पटलंय: जुनी गाडी बघताना मीटरकडे नंतर बघा, आधी थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडा. आत तपकिरी गढूळ पाणी असेल तर मालकाने गाडी कशी वापरली ते तिथेच कळतं.

ब्रेकचं मास्टर सिलिंडर, मागचे व्हील सिलिंडर, होजपाइप, टायर हे सगळं नवं केलं. टायरवर नक्षी शिल्लक होती, पण बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ते वाचलं की नक्षीवर विसंबत नाही माणूस. रंगाचं काम सगळ्यात शेवटी केलं, आणि तसंच करावं या मताचा मी आहे. आधी रंग मारणाऱ्यांचे पैसे तिथेच संपतात आणि ब्रेक तसेच राहतात.

क्वालिस, २००३, कोल्हापूर

दादा, तुमचं मीटरबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. आमची क्वालिस चार लाखाच्या पुढं पळालेली. आधी वडापला (शेअर सवारीला), मग ऊसतोडीच्या मुकादमाकडं. सीटांची कव्हरं फाटलेली, मागची बाकडी कुजलेली, दारं दोरीनं बांधलेली. बघून घरातले सगळे नको म्हणाले. पण २.४ लिटरचं डिझेल इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि ऑइलचं झाकण काढल्यावर धूर नाही. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं आलं. मुकादमानं ऑइल वेळेवर बदललं होतं, बाकी कशाला हात लावला नव्हता.

मग काम होतं ते खालचं. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, मागच्या पाट्यांचे बुश आणि पिना, स्टिअरिंगचे टायरॉड एंड, सगळं ढिलं. पाटे उतरवून कमान पुन्हा धरून घेतली, एक तुटलेला पाटा बदलला. शॅकलच्या पिना बाजारात मिळत होत्या त्या मनासारख्या नव्हत्या, म्हणून शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून घेतल्या. कोल्हापूरकरांना हे एक सुख आहे, नमुना हातात दिला की तसाच भाग घडवून देणारा माणूस शोधावा लागत नाही. डिझेल पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला दिले. टायमिंग बेल्ट आधी कधी बदललाय याची नोंद नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला धडकायची भीती, मग हजारांचं काम लाखाकडं जातं. बेल्टसोबत टेन्शनरचं बेअरिंगही बदला, तेवढ्यासाठी पुन्हा सगळं खोलायला लागू नये.

आता तीच गाडी घेऊन आम्ही घरचे सगळे जोतिबाला जातो. घाटात दुसऱ्या गिअरवर ती जी ओढते ना, बाकी कशाची गरजच वाटत नाही.

झेन, २००१, रत्नागिरी

कोकणात किलोमीटरपेक्षा गंज मोठा. माझी झेन ऐंशी हजारच पळालेली, इंजिन उत्तम, पण चार पावसाळे आंब्याखाली उभी. पुढच्या काचेखाली वायपरजवळ जी जाळी असते तिथून पाणी खाली जायच्या वाटा असतात. त्या पानांनी बुजल्या की पाणी तुंबून केबिनमध्ये उतरतं. वरून कार्पेट कोरडं दिसतं, खालचा फोम मात्र भिजलेलाच राहतो.

मी सगळ्या सीट काढल्या, कार्पेट उचललं आणि ड्रायव्हरच्या पायाखाली पेचकसाचं टोक दाबलं. पत्रा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून आला आणि खाली अंगणातली चिऱ्याची फरशी दिसली. गॅरेजवाल्यांनी सुचवलं, फायबरचं कापड लावून पुटी भरू, वरून काळा रंग. मी नाही म्हटलं. सीटचे आणि बेल्टचे बोल्ट ज्या पत्र्याला धरतात तो पत्रा पुटीचा असून चालणार नाही. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला, पुठ्ठ्याचा साचा करून नवा पत्रा बेतला आणि सीओटू वेल्डिंगने थोडं थोडं, जागा बदलत जोडला. गॅसचं वेल्डिंग केलं तर उष्णतेने आजूबाजूचा पत्रा पोळतो आणि वाकतो. मग एपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, खालून अंडरबॉडी कोटिंग. दाराखालच्या पोकळ उंबऱ्यांमध्ये नळीने मेणाचा फवारा मारला, कारण गंज आतून बाहेर येतो. आतून कोरं सोडलेलं बाहेर कितीही रंगवलं तरी दोन पावसाळ्यांत फुगे धरतं.

दाराखालची पाणी निचरायची भोकंही रंगवणारे बुजवतात. रंगकाम झाल्यावर काडी घालून ती मोकळी असल्याची खात्री करा. माझ्या हातून घासण्यापासून प्रायमरपर्यंतचं बरंच काम झालं आणि हा आनंद मला गाडी चालवण्यापेक्षा कणभर जास्तच वाटतो.

मला एक विचारायचं होतं: पुढच्या काचेचं रबर सगळीकडे डुप्लिकेट मिळतंय, कोपऱ्यात नीट बसत नाही. कुणाला चांगलं मिळालं का?

पद्मिनी, मुंबई

वडिलांची पद्मिनी, १०८९ सीसी. मीटर पाच आकडी, नव्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर पुन्हा शून्य, त्यामुळे खरी किती पळाली ते वडीलच अंदाजाने सांगत. या गाड्या आमच्या कुर्ल्यातच बनायच्या. शहरातली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. टॅक्सीवाल्यांमुळेच या गाडीचा प्रत्येक भाग आणि प्रत्येक भाग ओळखणारा मिस्त्री मुंबईत टिकून होता. आता तसे मिस्त्री साठीच्या पुढे गेलेत. कुणाच्या घरी पद्मिनी असेल तर यंदाच काम काढा.

माझ्याकडे मुख्य त्रास स्टिअरिंगवरच्या गिअरचा. पहिला टाकायला जावं तर तिसऱ्यात. गिअरबॉक्स उतरवायची तयारी चालली होती, पण एका जुन्या टॅक्सी मिस्त्रींनी नुसता दांडा हलवून बघितला आणि सांगितलं, लिंकेजचे बुश गेलेत. तेवढेच बदलले, दांड्यांची लांबी जुळवली आणि गिअर जागेवर आले. सुटे भाग ऑपेरा हाऊसजवळच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरून जमवले. जुना भाग सोबत न्या. नावावरून मागितलं तर भलत्याच सालचा मिळतो.

वडील आता गाडी चालवत नाहीत, बाजूला बसतात. गिअर बदलला की कानानेच त्यांना कळतं बरोबर पडला की नाही.

पुरातली गाडी, सांगली

माझा अनुभव वेगळा आहे, तोही इथे असावा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात भावाची गाडी छतापर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर इंजिन खोलून धुतलं, ऑइलं बदलली, ते सुरूही झालं. पण नव्या गाडीत वायरिंगचं जाळं केबिनभर असतं. एकेक कनेक्टर उघडला की आत हिरवट थर आणि कृष्णेचा बारीक गाळ. आज हेडलाइट बंद, उद्या फॅन आपोआप चालू. एअरबॅगचा दिवा जाईना. ज्या गाडीची एअरबॅग कधी उघडेल किंवा उघडणार नाही याचा भरवसा नाही, तिच्यात पोरांना बसवायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं आणि ती रीतसर स्क्रॅपला दिली. भावाला फार लागलं, पहिलीच गाडी होती. जुनी कार्ब्युरेटरची गाडी पुरातून वाचवता येईल, इलेक्ट्रॉनिक्सवाली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. ओळखायचं असेल तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ असते, ती कुणी धूत नाही.

कागदपत्रं, नागपूर

सगळ्यांनी पान्याचं लिहिलं, मी कागदाचं लिहितो, कारण माझी सुमो तयार होऊनही बराच काळ कागदांसाठी थांबली होती. पैसे देण्याआधी चेसिस नंबर स्वतः घासून आरसीशी जुळवा. बँकेचा बोजा उतरलाय का, जुने चलन थकलेत का, ते बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. कारसाठी ते शुल्क ६०० होतं, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं, आणि वीस वर्षांवरच्या कारला २०२५ च्या ऑगस्टमध्ये १०,००० केलं. मुदत टळली की दर महिन्याला दंड चढतो. पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट वेगळी. इंजिन दुसरं बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर करून घ्या, नाही तर अपघातानंतर विम्याच्या वेळी प्रश्न उभा राहतो. बजेट करताना हा आकडा पहिल्या ओळीत लिहा.

कॅम्री, मिशिगन

रत्नागिरीच्या ताईंचं वाचून वाटलं, इथलं दुखणं तेच, फक्त पावसाऐवजी रस्त्यावर टाकलेलं मीठ. माझी कॅम्री दोन लाख मैलांच्या पुढे. इंजिन शांत, पण खालचे लोखंडी ब्रेक पाइप खवल्यांनी भरलेले. या राज्यात खासगी गाडीची ठरावीक मुदतीची सक्तीची तपासणी नाही, म्हणून मालकानेच खाली झोपून बघावं लागतं. मी सगळे पाइप तांबं-निकेलचे टाकले. ते हाताने वळतात आणि मिठाला दाद देत नाहीत. टोकाचा फ्लेअर (पाइपाचं पसरवलेलं तोंड) दुहेरीच करा, एकेरी दाबाखाली चिरतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, दोन्ही बाजूंना स्टँड लावा.

पुन्हा पुण्याहून

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, काचेच्या रबराबद्दल: नाना पेठेत जुन्या साठ्यातलं मिळतं का ते मी शनिवारी बघतो. तोवर डुप्लिकेट बसवायचंच असेल तर ते उन्हात तासभर ठेवून मऊ करा आणि खाचेतून साबणाचं पाणी फिरवा. बसवताना खाचेत जाड सुतळी घालून काच बाहेरून टेकवायची आणि सुतळी आतून ओढत रबराची कड पत्र्यावर आणायची. सुरुवात खालच्या मधोमध करा, वरचे कोपरे शेवटी घ्या. रबर ताणून लावलं तर कोपऱ्यात फट राहते, थोडं दाबत, जास्तीचं रबर कोपऱ्यांकडे सारत न्या.

बाकीच्यांनीही लिहा. महिंद्रा जीपवाले अजून कुणीच आलेले नाहीत.