मदत हवी आहे : निवृत्तीची पुंजी गर्दीच्या ओघात जाऊ नये यासाठी आधीच ठरवलेला नियम कसा असावा?

नमस्कार.

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून नुकतेच निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी मिळून आलेल्या रकमेचा मोठा भाग आम्ही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवला आहे. प्रश्न उरलेल्या रकमेचा आहे. त्यातील काही पैसे धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी साधारण तीन वर्षांनी लागतील; बाकीच्या रकमेला दहा वर्षे तरी हात लावावा लागणार नाही, असा अंदाज आहे. हे सगळेच स्मॉलकॅप फंडात, म्हणजे लहान कंपन्यांचे समभाग घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, टाकावे असा बाबांचा आग्रह असून, त्यामागचे कारणही ते मोकळेपणाने सांगतात : बरोबरीचे सगळे घेत आहेत, मग आपणच मागे का राहायचे? त्यांचा उत्साह मला मोडायचा नाही. परंतु उभ्या नोकरीची पुंजी कुठे ठेवायची हे इतरांकडे बघून ठरू नये, असे मला मनापासून वाटते.

त्यांच्या निवृत्त सहकाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. बाजार चढा असला की तिथे पोर्टफोलिओचे स्क्रीनशॉट येतात, नफ्याच्या आकड्याभोवती लाल गोल काढलेले. बाजार कोसळतो त्या दिवशी मात्र त्या विषयावर कोणीच काही लिहीत नाही. ही माणसे कोणाला फसवत नाहीत, पण सतत नफाच नजरेस पडत राहिल्यामुळे जोखीम आहे त्यापेक्षा कमी वाटू लागते आणि नवा माणूस नेमका उशिरा, चढ्या भावात आत येतो.

नाशिक जिल्ह्याला हे नवीन नाही. एका हंगामात कांद्याने पैसे दिले की पुढच्या हंगामात जो तो कांदाच लावतो, आवक वाढते आणि लासलगाव-पिंपळगावला भाव पडतो. त्यातच ऑगस्ट २०२३ मधले ४० टक्के निर्यातशुल्क किंवा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेली निर्यातबंदी यांसारखा निर्णय झाला, की ज्याने सगळे क्षेत्र एकाच पिकाखाली घातले त्याच्या हातात काहीच उरत नाही. बाबांना आलेखांपेक्षा हे उदाहरण लवकर पटते, म्हणून मी बोलण्याची सुरुवात तिथूनच करते.

शेअर बाजारातील गर्दी किती झटपट मत बदलते, हे जून २०२४ मधील एकाच आठवड्यात दिसले होते. मतदानोत्तर चाचण्यांच्या भरवशावर ३ जूनला निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक वर गेला, मतमोजणीच्या दिवशी, म्हणजे ४ जूनला, तो सुमारे सहा टक्के कोसळला आणि ७ जूनला ३ तारखेच्या पातळीच्याही किंचित वर बंद झाला. ज्याने त्या आठवड्यात काहीच केले नाही त्याचे काहीही बिघडले नाही. ज्याने ३ तारखेला घाईने घेतले आणि ४ तारखेला घाबरून विकले त्याचे नुकसान कायमचे झाले.

मात्र, ‘काही करू नका, बाजार परत येतोच’ हा सल्ला भावाच्या शिक्षणाच्या पैशाला तसाच लावता येईल, असे मला वाटत नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये व्यवहारादरम्यान आठ हजारांच्याही खाली आला आणि पुन्हा २१ हजारांवर पोहोचायला नोव्हेंबर २०१० उजाडला. उलट २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडूनही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये नव्या उच्चांकावर होता. बाजार दोन्ही वेळा परत आला, पण आधीच्या उच्चांकापासून मोजले तर २०२० मध्ये सुमारे दहा महिन्यांत आणि २००८ नंतर जवळजवळ तीन वर्षांत. आणि फीची तारीख बाजाराकडे पाहून पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे तीन वर्षांत लागणारे पैसे समभागांबाहेरच ठेवावेत, या मतावर मी ठाम आहे. फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर केलेल्या सौद्यांचा, विषयही घरात बंद झाला आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथे ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाल्याचा बाजार नियामक सेबीचा अहवाल बाबांनी स्वतः वाचला.

दहा वर्षांच्या रकमेसाठी मात्र मला जाणकारांची मदत हवी आहे. समभाग आणि रोखे यांचे ठरावीक प्रमाण ठेवून ते बिघडले की पूर्ववत करायचे, हा एक मार्ग दिसतो. निर्देशांक त्याच्या मागच्या २०० दिवसांच्या सरासरी पातळीखाली गेला की बाहेर पडायचे, हा दुसरा. दुसऱ्यात बाजार त्या रेषेभोवती घुटमळू लागला तर वारंवार विक्री होणार, आणि वर्षाच्या आत विकल्यास अल्पकालीन भांडवली नफ्याचा जास्त कर लागणार. २००८ आणि २०२० या दोन्ही पडझडी ज्यांनी पैसे गुंतवलेले असताना पाहिल्या आहेत, त्यांनी यांपैकी काय पाळले आणि ते पाळणे जमले का? प्रमाण वर्षातून एकदाच तपासावे की पाच-दहा टक्क्यांचा फरक पडला की लगेच?

मूल्यांकन पाहावे म्हटले तर आणखी एक अडचण येते. २०२१ च्या मार्चअखेरपासून निफ्टीचे पीई गुणोत्तर (भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) एकट्या कंपनीऐवजी तिच्या उपकंपन्या धरून होणाऱ्या एकत्रित नफ्यावर काढले जाते. मग त्याआधीच्या आकड्यांवरून ‘इतक्यावर महाग, इतक्यावर स्वस्त’ असे सांगणारे जे तक्ते फिरतात, त्यांच्यावर विसंबावे का? स्मॉलकॅप फंड मार्च २०२४ पासून ताण चाचणीचे निष्कर्ष जाहीर करतात, त्यात २५ आणि ५० टक्के गुंतवणूक विकायला किती दिवस लागतील ते दिलेले असते. एकाच वेळी सगळे पैसे मागू लागले तर काय होईल, हे समजण्यासाठी मला ती माहिती मोलाची वाटते. ती नेमकी कशी वाचावी, हे कोणी सांगू शकेल का?

फंडांची नावे कृपया सुचवू नयेत. ठरलेला नियम कागदावर उतरवून त्यावर सेबीकडे नोंदणीकृत, केवळ शुल्क घेणाऱ्या सल्लागाराचे लेखी मत घ्यावे असा विचार आहे. असे मत कोणी घेतले असेल, तर भेटीला जाताना कोणती कागदपत्रे सोबत नेली आणि बाबांसारख्या गुंतवणूकदाराला त्या बैठकीत स्वतः बसवण्याचा उपयोग झाला का, हेही कळवावे.