ली-एनफिल्ड घराण्यातल्या जुन्या रायफलीसाठी जादा मॅगझीन घ्यावे का? सल्ला हवा

मूळ प्रश्न (विलेपार्ले)

नमस्कार. वडिलांची .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे माप) स्पोर्टिंग रायफल त्यांच्या पश्चात वारसा हक्काने माझ्या परवान्यावर चढली आहे. रायफल ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली, म्हणजे बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा) आणि एकूण तोंडवळा ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्डचाच आणि खाली पाच काडतुसांचे, काढता येणारे मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी. गेल्या निवडणुकीच्या आचारसंहितेत ती पोलिस ठाण्यात जमा केली होती. परत मिळाली तेव्हा ऐन पावसाळा सरत आला होता आणि मॅगझीनच्या तळाशी तांबूस गंज धरला होता. तेव्हापासून पहिली दोन काडतुसे नीट चढतात आणि तिसरे हटकून अडकते. बोल्ट पुढे सरकतो, खालचे काडतूस वरच्याबरोबर ओढले जाते आणि दोन्ही मध्येच तिरकी होऊन बसतात.

मला असे वाटले की दोन जादा मॅगझिने घेऊन ठेवावीत, घरून निघण्याआधी टेबलावर भरावीत आणि रेंजवर एक काढून दुसरे लावावे. एका दुकानदाराने लष्करी ली-एनफिल्डच्या .३०३ बोअरचे सुटे मॅगझीन दाखवले. “सगळी एकाच साच्यातली आहेत, बसेल,” असे तो म्हणतो आणि मी त्याला इसारही देऊन बसलो आहे. न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मामेभावाकडे लष्करातून बाद झालेली नंबर ४ ली-एनफिल्ड आहे. तिकडे अशी मॅगझिने सहज मिळतात, त्यामुळे तो सुट्टीवर येताना एक घेऊन येतो म्हणतो. कोणता मार्ग धरावा?

पहिला प्रतिसाद (माहीम)

मी सशस्त्र पोलिस दलात बरीच वर्षे आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणारा, होतो आणि थ्री-नॉट-थ्री (.३०३) या हातांनी शेकड्यांनी उघडल्या आहेत. म्हणून आधी एकच विचारतो. आपण काडतुसे भरता कशी? मॅगझीन रायफलीतून काढून, हातात धरून, की ते जागेवर ठेवून वरून? प्रश्नावरून मला पहिला प्रकार दिसतो आणि निम्मा घोटाळा तिथेच असावा असा माझा अंदाज आहे.

या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असेल तर बोल्टने ढकलताच ते सुटून जाते. ती मागे गेली असेल, तर पुढे जाताना ते खालच्याला कडेने ओढते आणि आपण वर्णन केले आहे नेमके तेच होते. मॅगझीन हातात धरून घाईने एकावर एक काडतूस कोंबले की एखादी कड हमखास मागे राहते, आणि वरून पाहताना ते कळतही नाही. म्हणून प्रत्येक काडतूस दाबताना ते खालच्याच्या कडेच्या पुढे बसले आहे हे बोटाने चाचपून पाहावे. आमच्या नव्या शिपायांना आम्ही हे डोळे मिटून करायला लावायचो.

दुसरा संशय गंजाचा. रायफल रिकामी आहे, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामे आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीनेही तपासा आणि मगच मॅगझीन काढा. काडतुसे ज्या पाटीवर टेकतात त्या पाटीचा मागचा भाग अंगठ्याने खाली दाबला की पुढचा भाग पुढच्या दुमडलेल्या कडांखालून सुटतो आणि पाटी स्प्रिंगसकट हातात येते. आत केशरी भुकटी दिसली तर रॉकेल आणि जुन्या दातांच्या ब्रशने ती काढा, पूर्ण कोरडे करा आणि तेलाचे बोट फिरवा. नुसते बोट, भरपूर तेल ओतले की आपल्या हवेत धूळ चिकटून त्याचा चिखल होतो. डबा आतून गंजून खडबडीत झाला असेल तर पाटी वर येताना अडखळते आणि बोल्ट येईपर्यंत काडतूस जागेवर पोहोचलेले नसते.

शेवटी ओठ. काडतूस धरून ठेवणाऱ्या मॅगझीनच्या वरच्या कडांना आम्ही ओठ म्हणायचो. तो पातळ पत्रा असतो. मॅगझीन फरशीवर पडले, कपाटात जड डब्याखाली दबले, की केसभर वाकतो आणि तेवढ्याने काडतुसाचे नाक वरखाली होते. पक्कड घेऊन स्वतः वाकवू नका. शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच द्या, कारण शस्त्रात फेरफार आणि दुरुस्तीचा धंदा परवान्याखेरीज करता येत नाही. मॅगझीन जागेवर बसल्यावर जराशी खडखड होते, ती मात्र दोष समजू नका, या जातीत तेवढा ढिलेपणा असतोच.

दुसरा प्रतिसाद (मुलुंड)

आर्मरर साहेबांच्या म्हणण्याला इतिहासाची जोड देतो, कारण जादा मॅगझिनांच्या कल्पनेतली चूक तिथूनच उलगडते. जेम्स पॅरिस ली यांनी हे पेटीसारखे मॅगझीन अमेरिकेत १८७९ मध्ये पेटंट केले. ब्रिटिशांनी १८८८ च्या ली-मेटफर्डमध्ये ते घेतले आणि साखळीच्या कडीने रायफलीलाच बांधून टाकले. शिपायाने ते हरवू नये, हा उद्देश. सैन्याच्या दृष्टीने मॅगझीन हा रायफलीचा भाग होता, आज पिस्तुलात असते तशी बदलायची वस्तू नव्हती. त्या काळच्या अधिकाऱ्यांना शिपाई फार काडतुसे उडवील अशी धास्ती असे. म्हणूनच पुढच्या अनेक रायफलींत मॅगझीन बंद ठेवून एकेक काडतूस भरण्यासाठी कट-ऑफ नावाची पत्र्याची पट्टीही बसवलेली असे.

१९०३ च्या आखूड रायफलीपासून वरून चार्जरने भरण्याची सोय आली: पाच काडतुसांची एक पट्टी, अंगठ्याचा एक दाब, अशा दोन पट्ट्या, की दहा काडतुसे आत. मॅगझीन काढायचे ते साफसफाईसाठी किंवा ते बिघडले तर बदलण्यासाठी. तेव्हा या रायफलीचे मॅगझीन ‘काढता येते’ एवढेच खरे, ते ‘बदलत राहावे’ असा त्याचा घाट कधी नव्हता. त्यामुळे एका रायफलीचे मॅगझीन दुसरीत बसले तरी नीट काडतूस चढवीलच असे नाही; कित्येकदा ओठ जमवून घ्यावे लागतात. मामेभावाची नंबर ४ आणि जुनी नंबर १ या ली-एनफिल्डच्याच दोन प्रकारांची मॅगझिनेही एकमेकांत जशीच्या तशी बसत नाहीत. ईशापूरनेच पुढे ७.६२ मिमीची २ए रायफल केली. तिला १२ काडतुसांचे, चौकोनी अंगाचे मॅगझीन दिले आणि त्या काडतुसाला बाहेर आलेली कड नसल्याने अडकण्याची ही भानगडही तिथे नाही. .३१५ मात्र ८ बाय ५० मिमी मानलिखरच्या कुळातले, कडेचे काडतूस. .३०३चे सुटे मॅगझीन त्याच्यासाठी घडवलेले नाही, त्यामुळे दुकानदाराच्या ‘बसेल’वर विश्वास ठेवू नये.

तिसरा प्रतिसाद (दादर)

दोघांनी यंत्राचे सांगितले, मी कागदाचे सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्राचे भागही येतात आणि परदेशातून शस्त्रे आणण्यासाठी आयातीचा परवाना लागतो. त्यामुळे मामेभावाच्या बॅगेतून एक पत्र्याचा डबा आला आणि विमानतळावर सामान तपासताना तो सापडला, तर ‘अहो, नुसता डबा आहे’ हे ऐकून घ्यायला तिथे कोणी बसलेले नसते. मामेभावाला आजच स्पष्ट नको म्हणून कळवा. .३०३ हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे आणि आपल्यासारख्या नागरिकांच्या हाती .३१५ असण्याचे कारणही तेच. त्यामुळे .३०३चे सुटे भाग बाळगण्याचा प्रश्न निर्माण होऊ देऊ नये. मॅगझीन बदलण्यावाचून गत्यंतर नसेल, तर आपल्याच बोअरचे मॅगझीन परवानाधारक विक्रेत्याकडून, पावती घेऊन, परवाना दाखवून घ्यावे. मुंबईत परवान्याचे काम पोलिस आयुक्तालयाकडे असते. काही शंका असल्यास तेथील शाखेत लेखी विचारून ठेवा, तोंडी उत्तराला पुढे कोणी वाली नसतो.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आर्मरर साहेबांचा अंदाज बरोबर होता, मी मॅगझीन बाहेर काढून, हातात धरूनच भरत होतो. रविवारी रायफल रिकामी असल्याची खात्री करून पाटी काढली. आत चहाच्या भुकटीएवढा गंज होता. तो साफ केल्यावर डब्याच्या तळावर वडिलांनी खिळ्याने कोरलेले रायफलीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे दिसले. हे मॅगझीन दुसऱ्या कुणाच्या रायफलीत जाऊ नये म्हणून त्यांनी केव्हा तरी ते कोरले असावेत. आता मॅगझीन जागेवर ठेवून, वरून, प्रत्येक कड पुढे आहे हे चाचपत डमी, म्हणजे दारू नसलेली नकली, काडतुसे भरली. सहा वेळा केले. पाच वेळा पाचही काडतुसे सुरळीत गेली आणि एकदा शेवटचे जरा तिरके झाले.

पहिला प्रतिसाद देणारे (माहीम)

म्हणजे कडेची भानगड सुटली. शेवटचे काडतूस तिरके होते तेव्हा खालून दाब कमी पडत असतो किंवा डाव्या-उजव्या ओठांत फरक असतो. शेवटच्या काडतुसाखाली आधार फक्त पाटीचा असतो, त्यामुळे दोष तिथेच आधी दिसतो. स्प्रिंग काढून टेबलावर उभी धरा. एका बाजूला झुकत असेल तर तीच बदलावी लागेल. सरळ असेल तर ओठ मोजून घ्यायला कारागिराला सांगा आणि डमी काडतुसे त्याच्याकडे बरोबर न्या, खरी नेऊ नका. खऱ्या काडतुसांनी घरात चढवून पाहण्याचा मोह कुणालाही होतो, तो कृपया टाळा.

मूळ प्रश्नकर्ता

स्प्रिंग सरळ निघाली. मॅगझीन परवानाधारक कारागिराकडे दिले आहे. उजवा ओठ किंचित आत वळला आहे, असे त्याने भिंग लावून दाखवले. पंधरा दिवस लागतील म्हणाला. मामेभावाला कळवले, तो थोडा नाराज झाला. दुकानदाराला सुटे मॅगझीन नको म्हणून सांगितले. इसाराचे पैसे त्याने परत केले नाहीत, त्याऐवजी तेलाच्या दोन बाटल्या आणि नळी साफ करायचा पितळी ब्रश दिला.